जगन्नाथाच्या रथापुढे श्रीचैतन्य महाप्रभू

आषाढ शुद्ध पक्ष लागला की महाराष्ट्राचे मन पंढरीच्या वाटेला लागते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या त्या दिवसांत सोलापूरच्या माळरानाकडे सरकत असतात आणि गावोगावच्या दिंड्या त्यांना मिळत असतात. त्याच पक्षातील द्वितीयेला, देशाच्या दुसऱ्या टोकास, पूर्वसमुद्राच्या काठी वसलेल्या पुरुषोत्तमक्षेत्री तीन उत्तुंग रथ सिंहद्वारासमोर उभे राहतात. श्रीजगन्नाथ, थोरले बंधू बलभद्र आणि भगिनी सुभद्रा ही तिन्ही दैवते रत्नसिंहासन सोडून त्या रथांवर आरूढ होतात आणि राजरस्त्याने गुंडिचा मंदिराकडे निघतात. पंढरीत भक्त देवाकडे चालत जातो. पुरीत देव भक्तांकडे चालत येतो. दोन्ही यात्रांचा सोहळा मात्र एकाच तिथीला टिपेस पोहोचतो. आषाढी एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरलेला असतो, तेव्हा पुरीत सिंहद्वारी परत आलेल्या रथांवर त्रिमूर्तींना सुवर्णालंकारांचा साज चढवून सुनाबेश केलेला असतो.

या रथयात्रेची कथा पुराणांतील इंद्रद्युम्न राजापासून सांगण्याचा परिपाठ आहे. आज आम्ही मात्र वाचकांपुढे एका संन्याशाचे चरित्र ठेवीत आहोत. हा संन्यासी पुरीचा नव्हे, तो बंगालचा. पण त्याच्या आयुष्याची अखेरची अठरा वर्षे जगन्नाथाच्या सावलीत गेली, आणि रथयात्रेत आज जो भाव भक्तांना दिसतो त्याचा मोठा भाग त्याच्या नृत्याने जागविलेला आहे. श्रीकृष्णचैतन्य महाप्रभू हे त्याचे नाव.

शके १४०७च्या फाल्गुन पौर्णिमेस, म्हणजे १४८६ साली, गंगाकाठच्या नवद्वीप नगरीत जगन्नाथ मिश्र आणि शचीदेवी यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. त्या सायंकाळी चंद्रग्रहण होते, आणि ग्रहणाच्या निमित्ताने सारे गाव गंगेच्या काठी हरिनाम घेत होते. मुलाचे नाव विश्वंभर ठेवले. कडुनिंबाच्या संबंधाने घरात त्याला निमाई म्हणत, आणि तप्त सुवर्णासारख्या कांतीमुळे लोक गौरांग म्हणत. नवद्वीप हे त्या काळी न्यायशास्त्राचे माहेरघर होते. निमाई तेथे व्याकरणाचा पंडित झाला, त्याने स्वतःची पाठशाळा काढली आणि वादविवादात तो भल्याभल्यांना निरुत्तर करू लागला. पहिली पत्नी लक्ष्मीप्रिया सर्पदंशाने गेली. मग विष्णुप्रियेशी विवाह झाला. थोरला भाऊ विश्वरूप यापूर्वीच, लग्नाची बोलणी चालू झालेली पाहून, घर सोडून संन्यासी झाला होता. या भावाची आठवण वाचकांनी मनात ठेवावी, कारण ती आपणांस पुढे पंढरपुरास घेऊन जाणार आहे.

वडिलांच्या पिंडदानासाठी गयेला गेलेल्या या तरुण पंडिताला तेथे ईश्वरपुरी नावाचे संन्यासी भेटले. त्यांच्याकडून मंत्र मिळाला आणि परतला तो निराळाच पुरुष होता. व्याकरणाचे सूत्र शिकविताना त्याला कृष्णावाचून दुसरा अर्थ सुचेना. पाठशाळा बंद पडली. श्रीवास पंडितांच्या अंगणात रात्ररात्र कीर्तन चालू लागले. तेथील काजीने मृदंग फोडून कीर्तनास मनाई केली, तेव्हा निमाईने मशाली पेटवून सबंध नगराला नामघोष करीत रस्त्यावर आणले आणि तो जमाव काजीच्या दारी नेला; चरित्रकार सांगतात की तेथे हाणामारी न होता समेट झाला. पुढे जगन्नाथाच्या रथासमोर जे घडावयाचे होते त्याची ही नांदी म्हणावी लागेल. देवघरात आणि अंगणात कोंडलेले कीर्तन त्या रात्री राजरस्त्यावर आले.

१५१०च्या आरंभी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, काटवा येथे केशव भारतींकडून त्यांनी संन्यास घेतला. घरी वृद्ध आई आणि तरुण पत्नी होती. विष्णुप्रियेचे दुःख मूळ चरित्रग्रंथांत थोडक्या शब्दांत आटोपले आहे. आम्हांस ते वाचताना नेहमीच चुटपूट लागते. शचीमातेने मात्र पुत्राकडून एक गोष्ट मागून घेतली. वृंदावन फार दूर, तेथून मुलाची खबर येणार नाही; नीलाचलास बंगालचे यात्रेकरू जात-येत असतात, तेव्हा त्याने तेथे राहावे, एवढीच तिची इच्छा. म्हणजे महाप्रभूंना जगन्नाथपुरीस आणून ठेविले ते कोणत्याही शास्त्राज्ञेने नव्हे, एका आईच्या मायेने.

पुरीस पोहोचताच मंदिरात शिरून जगन्नाथाला कवटाळण्यासाठी ते धावले आणि मूर्च्छित पडले. पहारेकरी मारावयास उठले असता वासुदेव सार्वभौम या राजमान्य वेदान्ती पंडितांनी त्यांना वाचविले आणि आपल्या घरी नेले. कोरड्या ज्ञानाचे हे महापंडित काही दिवसांतच त्या तरुण संन्याशाचे भक्त झाले.

थोड्याच महिन्यांत महाप्रभू दक्षिणयात्रेस निघाले. निघताना त्यांनी सांगितलेले एक कारण थोरल्या भावाचा शोध हे होते. गोदावरीच्या तीरी रामानंद राय यांची गाठ पडली, श्रीरंगास चातुर्मास झाला, आणि पश्चिमेकडे वळून ते कोल्हापुरास महालक्ष्मीच्या दर्शनास आले, तेथून पंढरपुरास. कृष्णदास कविराज यांच्या चैतन्यचरितामृत या बंगाली ग्रंथात ही हकीकत आहे. विठ्ठलापुढे त्यांनी कीर्तन-नर्तन केले. गावात श्रीरंगपुरी नावाचे संन्यासी एका ब्राह्मणाच्या घरी उतरले आहेत असे कळले. हे गृहस्थ ईश्वरपुरींचे गुरुबंधू. त्यांच्याशी कृष्णकथा करण्यात पाच-सात दिवस गेले. एके दिवशी सहज जन्मस्थानाची गोष्ट निघाली. नवद्वीपचे नाव ऐकताच श्रीरंगपुरींना आठवण झाली की आपण पूर्वी त्या गावी जगन्नाथ मिश्र नामक ब्राह्मणाच्या घरी भोजन केले होते. त्या घरच्या माउलीच्या हातच्या केळफुलाच्या भाजीची चव अजून जिभेवर आहे. त्या माउलीचा एक मुलगा लहान वयात संन्यासी झाला होता, त्याचे नाव शंकरारण्य, आणि त्याने याच पंढरपुरी देह ठेविला, असेही ते बोलून गेले. महाप्रभूंनी शांतपणे सांगितले की पूर्वाश्रमीचा तो आपला भाऊ, आणि जगन्नाथ मिश्र हे आपले वडील. ज्याच्या शोधार्थ ते सारी दक्षिण फिरले त्याचा ठाव लागला तो विठ्ठलाच्या पायाशी, आणि तोही असा. श्रीरंगपुरी द्वारकेस निघून गेल्यावर ते आणखी चार दिवस पंढरीत राहिले. भीमरथीत स्नान करीत, विठ्ठलाचे दर्शन घेत. पुढे नाशिक-त्र्यंबकेश्वरी जाऊन, कुशावर्ताचे स्नान करून ते गोदावरीच्या वाटेने परत फिरले.

येथे एक खुलासा करणे आम्हांस अवश्य वाटते. तुकोबारायांच्या गुरुपरंपरेत राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी चैतन्य अशी नावे येतात. नावे सारखी म्हणून काही जण तिचा धागा बंगालच्या चैतन्यांशी जोडतात. केवळ नामसाम्यावर असे नाते लावणे आम्हांस उचित वाटत नाही. महाराष्ट्राशी महाप्रभूंचा संबंध सांगावयाचा तर पंढरीत राहिलेला भाऊ पुरेसा आहे.

१५१२च्या सुमारास महाप्रभू पुरीस परतले, आणि त्या वर्षीच्या रथयात्रेस बंगालचे सारे भक्त गोळा झाले. पुढे हा दरसालचा नेम झाला. शिवानंद सेन नावाचे एक सधन गृहस्थ या पायी यात्रेची व्यवस्था पाहत; नाक्यानाक्यावरचा कर भरीत, मुक्कामाची सोय करीत. वारीत एक कुत्रा येऊन मिळाला, त्याला नावाडी होडीत घेईना, तेव्हा शिवानंदांनी त्याच्यासाठी दहा पण कवड्या मोजल्या असे चरितामृतकार लिहितात. आपल्या दिंडीत चाललेल्या माणसाला हे चित्र परके वाटू नये.

आता त्या यात्रेच्या विधींकडे वळू. अक्षय्य तृतीयेस रथांच्या बांधणीस प्रारंभ होतो. लाकूड दसपल्लाच्या जंगलातून येते आणि वंशपरंपरेचे सुतार दरवर्षी तिन्ही रथ नव्याने घडवितात. जगन्नाथाचा नंदिघोष सोळा चाकांचा व सुमारे ४५ फूट उंच, बलभद्राचा तालध्वज चौदा चाकांचा, सुभद्रेचा दर्पदलन बारा चाकांचा. तिन्हींवर तांबडे कापड असतेच. त्याच्या जोडीला नंदिघोषावर पिवळे, तालध्वजावर हिरवे आणि दर्पदलनावर काळे. ज्येष्ठ पौर्णिमेस स्नानमंडपावर १०८ घटांनी देवांना स्नान घालतात. या स्नानाने देवांना ज्वर येतो अशी समजूत, म्हणून पुढील पंधरवडा दर्शन बंद. या काळाला अणसर म्हणतात. त्या दिवसांत देवांची शुश्रूषा करण्याचा मान दैतापती सेवकांचा. जगन्नाथाची प्रथम पूजा करणाऱ्या विश्वावसू शबराचे हे वंशज मानले जातात. महाप्रभूंना हा दर्शनाविनाचा पंधरवडा साहवत नसे. ते पुरी सोडून अलालनाथास जाऊन राहत.

रथयात्रेच्या आदल्या दिवशी महाप्रभूंनी एक सेवा काशी मिश्र आणि मंदिराच्या अधिकाऱ्यांपाशी मुद्दाम मागून घेतली. वर्षभर रिते असणारे गुंडिचा मंदिर देव येण्यापूर्वी झाडून धुवून काढण्याची ही सेवा. शेकडो घागरी आणि शेकडो झाडू आले. स्वतः महाप्रभू सिंहासनापासून सभामंडपापर्यंत झाडत होते आणि गोळा केलेला केर आपल्या वस्त्रात भरून बाहेर टाकीत होते. कोणी किती केर काढला याची ते पाहणी करीत. ज्याचा ढीग सर्वांत मोठा त्याचे कौतुक, ज्याचा थोडा त्याला थट्टेने दंड. ढीग अर्थात त्यांचाच मोठा भरला. झाडून झाल्यावर पाण्याच्या घागरी हातोहात येऊ लागल्या. भिंती, छत, जमीन, बाहेरचे अंगण, सारे धुतले गेले, आणि अखेरीस त्यांनी आपल्या अंगावरच्या वस्त्राने सिंहासन पुसले. या गडबडीत बंगालच्या एका भोळ्या भक्ताने त्यांच्या पायांवर पाणी ओतून ते तीर्थ म्हणून प्राशन केले. तेव्हा मात्र महाप्रभू रागावले. देवाच्या मंदिरात माणसाचे पाय धुतले जावेत हे त्यांना खपले नाही. त्या भक्ताला त्यांनी बाहेर काढावयास लावले, आणि मग इतरांच्या विनवणीवरून क्षमा केली.

हातात झाडू घेणारा हा संन्यासी आणि हातात राजदंड असणारा ओरिसाचा राजा यांची भेट हा या चरित्राचा गाभा आहे, असे आम्ही समजतो.

गजपती प्रतापरुद्रदेव (राज्यकाल १४९७ ते १५४०) हा सामान्य राजा नव्हता. उत्तरेस बंगालचा हुसेनशाह आणि दक्षिणेस विजयनगरचा कृष्णदेवराय यांच्याशी झुंजणारा तो सम्राट. महाप्रभूंची कीर्ती ऐकून त्याला दर्शनाची ओढ लागली. पण संन्याशाने राजाचे मुख पाहणे हे विषप्राशनाहून वाईट, असा महाप्रभूंचा निश्चय होता. सार्वभौमांनी रदबदली केली, तर पुन्हा हा विषय काढल्यास आपण पुरी सोडून अलालनाथास जाऊ असे उत्तर मिळाले. रामानंद राय हे राजाचेच अधिकारी. गोदावरीकाठचा कारभार सोडून ते महाप्रभूंच्या सेवेसाठी पुरीस आले, तेव्हा राजाने त्यांचे वेतन तसेच चालू ठेविले. त्यांनीही विनविले, व्यर्थ. राजाने तर दर्शन न झाल्यास राज्य सोडून भिक्षापात्र घेऊ अशी भाषा काढली. शेवटी भक्तांनी महाप्रभूंचे एक अंगवस्त्र राजाला पाठविले. राजाने ते देवासारखे पूजिले. मग राजपुत्र भेटीस आला. त्या श्यामवर्ण, पीतांबरधारी किशोराला पाहून महाप्रभूंना कृष्णाचे स्मरण झाले आणि त्यांनी त्याला आलिंगन दिले. घरी परतलेल्या मुलाला राजाने पोटाशी धरले, एवढ्यावरच त्याला समाधान मानावे लागले.

आणि मग रथयात्रा आली. पुरीचा राजा या दिवशी जी सेवा करतो तिला छेरा पहंरा म्हणतात. देव पहंडी करीत, म्हणजे डुलत डुलत, सेवकांच्या खांद्याहातांवरून रथावर चढले की गजपती येतो आणि सोन्याच्या दांड्याच्या झाडूने रथ झाडतो, चंदनाचे पाणी शिंपडतो. या सेवेविषयी ओरिसात एक आख्यायिका आहे. प्रतापरुद्राचा पिता पुरुषोत्तमदेव याला कांचीच्या राजाने आपली कन्या पद्मावती देण्याचे नाकारले, कारण जावई झाडूवाला आहे असे त्याला वाटले. पुरुषोत्तमदेवाने कांची जिंकली आणि रागाच्या भरात प्रधानाला आज्ञा केली की या राजकन्येचा विवाह एखाद्या झाडूवाल्याशीच लावावा. प्रधान शहाणा होता. तो रथयात्रेपर्यंत थांबला आणि राजा रथ झाडीत असताना त्याने पद्मावतीला त्याच्याच पुढे आणून उभे केले. प्रतापरुद्र हा याच दांपत्याचा पुत्र, असे कथा सांगते.

त्या दिवशी महाप्रभूंच्या दृष्टीस पडला तो झाडू हाती घेतलेला प्रतापरुद्र. राजमुखाकडे न पाहण्याचे व्रत घेतलेला संन्यासी ते दृश्य पाहून मनोमन प्रसन्न झाला. पण व्रत अजून सुटले नव्हते. रथ निघाला. महाप्रभूंनी कीर्तनाचे सात ताफे केले, चौदा मृदंग वाजू लागले. कधी ते उंच उडी घेत, कधी जमिनीवर लोळण घेत. अंगावर काटा, डोळ्यांतून धारा. त्यांच्या मनात त्या वेळी दुसरीच यात्रा चालू असे. कुरुक्षेत्रावर राजवैभवात भेटलेल्या कृष्णाला राधा पुन्हा वृंदावनाच्या कुंजांत नेऊ पाहते; जगन्नाथाचे महामंदिर हे कुरुक्षेत्र, गुंडिचा मंदिर हे वृंदावन, आणि रथाचा दोर राधेच्या हाती. ऐश्वर्याच्या सिंहासनावरून देवाला माहेरच्या अंगणात ओढून नेणारी ती वाट, या भावाने ते नाचत. नाचता नाचता ते पडू लागले आणि जवळ असलेल्या प्रतापरुद्राने त्यांना सावरले. भान येताच, राजाचा स्पर्श झाला म्हणून महाप्रभूंनी स्वतःचाच धिक्कार केला. राजा भयभीत झाला. सार्वभौमांनी त्याला धीर दिला की ही कठोरता शिष्यांना धडा म्हणून आहे. मनात प्रसन्नताच आहे.

वाटेत बलगंडी या ठिकाणी रथ थांबला. येथे राजापासून रंकापर्यंत जो तो आपापला नैवेद्य जगन्नाथाला दाखवी. मंदिराच्या आत जे घडू शकत नाही ते येथे रस्त्यावर घडे. थकलेले महाप्रभू शेजारच्या बागेत एका झाडाखाली डोळे मिटून पडले होते. प्रतापरुद्राने राजवस्त्रे उतरविली, साध्या वैष्णवाचा वेश केला, आणि एकटाच येऊन त्यांचे पाय चेपू लागला. चेपताना भागवतातील गोपीगीत तो म्हणू लागला. ते ऐकताना महाप्रभू उठले आणि हा कोण हे न विचारता त्यांनी त्याला हृदयाशी धरले. नाव विचारल्यावरही त्याने राजा म्हणून ओळख दिली नाही. दासांचा दास एवढेच सांगितले. पंडितांच्या शब्दाने, प्रधानांच्या रदबदलीने जे झाले नाही ते असे झाले. पुढे रथ अडला, मल्ल हरले, हत्ती लावले तरी चाक हलेना, तेव्हा महाप्रभूंनी हत्ती सोडावयास लावून मागून रथाला डोके लाविले आणि तो घरघरत चालू लागला, असे चरितामृतात वर्णन आहे. भाविकांना त्या चमत्कारात गोडी वाटते, आणि ती योग्यच आहे. आम्हांस मात्र बागेतला तो प्रसंग अधिक मोठा वाटतो.

त्या सात ताफ्यांत आणखी एक माणूस नाचत होता, त्याचे नाव हरिदास. मुसलमान कुळात जन्मलेले हरिदास रोज तीन लक्ष नाम घेत. नाम सोडावे म्हणून त्यांना बंगालमध्ये बावीस बाजारांत फटके मारविण्यात आले होते. त्यांनी नाम सोडले नाही. पुरीस आल्यावर जगन्नाथाच्या मंदिराजवळ जाण्याचा आपल्याला अधिकार नाही असे म्हणून ते दूर एका झोपडीत राहिले आणि कळसावरच्या चक्राला तेथूनच नमस्कार करू लागले. महाप्रभू मंदिरातून परतताना रोज त्यांच्याकडे जात आणि त्यांच्यासाठी प्रसाद पाठवीत. मंदिराची पायरी न चढलेल्या या नामयोग्याने रथापुढे मुकुंदाच्या ताफ्यात नृत्य केले. ज्याला देवापर्यंत जाता येत नव्हते त्याच्यासमोर देव आला होता. मंदिराच्या आत अन्य धर्मीयांना आजही प्रवेश नाही. रथावरच्या जगन्नाथाचे दर्शन मात्र सर्वांना खुले असते. पुढे सतराव्या शतकात सालबेग नावाचा मुसलमान पित्याचा पुत्र जगन्नाथाचा थोर भक्तकवी झाला. त्याची समाधी याच राजरस्त्यावर आहे आणि नंदिघोष तेथे क्षणभर थबकतो.

हरिदासांनी महाप्रभूंच्या मुखाकडे पाहत, त्यांचेच नाव घेत देह ठेविला. महाप्रभूंनी ते शव उचलून घेऊन अंगणात नृत्य केले, समुद्रकाठी आपल्या हातांनी वाळू लोटून समाधी दिली, आणि सिंहद्वाराच्या दुकानांपुढे पदर पसरून हरिदासांच्या उत्सवासाठी प्रसादाची भिक्षा मागितली. ज्या संन्याशासाठी राजा सर्वस्व द्यावयास तयार होता, त्याने आयुष्यात असा पदर पसरला तो हरिदासांसाठी.

शेवटची वर्षे महाप्रभू काशी मिश्रांच्या घरातील गंभीरा नावाच्या लहानशा खोलीत राहिले. स्वरूप दामोदर आणि रामानंद राय रात्री त्यांच्याजवळ बसत. विरहाचा भाव इतका तीव्र झाला होता की समुद्राला यमुना समजून ते एकदा त्यात शिरले आणि एका कोळ्याच्या जाळ्यात सापडले. मंदिरात ते गरुडस्तंभाच्या मागे उभे राहून दर्शन घेत. तेथे त्यांच्या बोटांच्या खुणा दाखवितात. शके १४५५, म्हणजे १५३३ साली त्यांचे निर्वाण झाले, तेही रथयात्रेच्या दिवसांत. जयानंद या चरित्रकाराच्या मते रथापुढे नाचताना डाव्या पायाला विटेचा तुकडा लागला आणि त्या दुखण्याने आषाढ शुद्ध सप्तमीस देह पडला. लोचनदास म्हणतात की त्याच सप्तमीस गुंडिचा मंदिरात ते जगन्नाथाच्या मूर्तीत विलीन झाले. पहिली हकीकत माणसाची, दुसरी भक्ताची. तिथी दोघांची एक आहे.

यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १७५१ साली, ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला आणि १८०३पर्यंत राहिला. जगन्नाथाच्या मंदिराची व्यवस्था त्या काळात मराठ्यांकडे होती. सिंहद्वारासमोर आज जो सोळा पैलूंचा एकसंध अरुणस्तंभ दिसतो, तो कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढून आणून मराठ्यांच्या राजवटीत तेथे उभारण्यात आला. रथ सुटतात ते या स्तंभाच्या समोरून.

पुरीस जाणाऱ्या आमच्या वाचकांनी सिंहद्वारापासून थोड्या अंतरावर असलेला राधाकांत मठ पाहावा; गंभीरा तेथेच आहे, आणि महाप्रभूंच्या पादुका व कमंडलू म्हणून जपलेल्या वस्तू तेथे दाखवितात. जवळच हरिदासांच्या झोपडीची जागा आहे. तेथे एक बकुळीचे झाड आहे, त्याला सिद्धबकुळ म्हणतात. जगन्नाथाच्या दंतकाष्ठाची बकुळीची काडी प्रसाद म्हणून मिळाली होती. हरिदास उन्हात बसतात म्हणून महाप्रभूंनी ती तेथे रोवली आणि तिचा वृक्ष झाला, अशी श्रद्धा आहे. पुढे एकदा राजाची माणसे रथासाठी लाकूड म्हणून हेच झाड तोडावयास आली. सकाळी कुऱ्हाडी घेऊन पाहतात तो खोड आतून सारे पोकळ झालेले. रथाच्या कामाचे ते राहिले नव्हते. झाड वाचले. पोकळ खोडाच्या नुसत्या सालीवर फांद्यांचा भार पेलून ते तेथे उभे आहे.